प्रवाळ-मत्स्यालयातील जुन्या फेसयंत्राची दुरुस्ती : निदान, उपाय आणि नोंद

समुद्रजीवांचा अभ्यास करणाऱ्या विभागात प्रवाळांसाठी राखलेले मत्स्यालय असले, म्हणजे त्याच्या खालच्या टाकीत ‘प्रोटीन स्किमर’ या नावाने ओळखले जाणारे एक यंत्र बहुधा असतेच. प्रस्तुत लेखात त्यास ‘फेसयंत्र’ असे म्हटले आहे. मूळ नावावरून ते केवळ प्रथिने काढते असा समज होतो. वस्तुतः पाणी आणि हवा यांच्या सीमेवर जमण्याची प्रवृत्ती असलेला कोणताही पदार्थ ते फेसाच्या रूपाने वेगळा करते. प्रथिने हा त्यांपैकी केवळ एक वर्ग होय.

हे यंत्र दहा-बारा वर्षे चालले, की त्याची कार्यक्षमता कमी होऊ लागते. परंतु ती एका दिवसात नाहीशी होत नाही. पंप चालू असतो, बुडबुडे दिसतात, पेल्यात थोडा मळ जमतो. आणि म्हणून यंत्र ठीक आहे असे आपण गृहीत धरतो. प्रवाळांची वाढ, श्वसन किंवा विरंजन यांचे मोजमाप याच पाण्यात चालले असेल, तर हा मंद ऱ्हास प्रयोगातील एक न नोंदलेला चल ठरतो. सहा महिन्यांपूर्वीचे पाणी आणि आजचे पाणी एकच आहे असे मानून काढलेले निष्कर्ष मग संशयास्पद होतात. यास्तव फेसयंत्राची दुरुस्ती हे केवळ मदतनिसावर सोपवून देण्याचे काम नसून तो प्रयोगाच्याच शिस्तीचा भाग आहे, ही गोष्ट येथे मांडावयाची आहे.

फेसाचे कार्य

उसाचा रस काहिलीत उकळू लागला, की त्यावर मळी येते आणि गुऱ्हाळातील माणसे ती झाऱ्याने काढून टाकतात, हे आपणांस परिचित आहे. डाळ शिजताना वर येणारा फेसही आपण असाच काढतो. तेथे उष्णतेचे साहाय्य असते. फेसयंत्रात मात्र पाणी थंडच राहते आणि सर्व काम हवेच्या बुडबुड्यांकडून करून घेतले जाते. ज्या रेणूचे एक टोक जलस्नेही व दुसरे जलद्वेषी असते, तो रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर स्थिरावतो. असे भारलेले बुडबुडे वर चढून नळकांड्याच्या अरुंद मानेत एकमेकांस चिकटतात. त्यांच्यामधील पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपते, फेस कोरडा होत जातो आणि शेवटी वरच्या पेल्यात सांडतो. खनिजे वेगळी करण्यासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे जी फेसपद्धती मोठ्या प्रमाणावर उपयोगात आली, तिच्याशी या क्रियेचे जवळचे नाते आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली गोष्ट पृष्ठफळाची. ठरावीक घनफळाची हवा जितक्या लहान बुडबुड्यांत विभागली जाईल, तितके एकूण पृष्ठफळ वाढते. सूत्ररूपाने सांगावयाचे तर पृष्ठफळ म्हणजे घनफळाची सहापट भागिले बुडबुड्याचा व्यास. एक लिटर हवेचे ३ मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर पृष्ठफळ २ चौरस मीटर होते. १ मिलिमीटरचे केले तर ६, आणि अर्ध्या मिलिमीटरचे केले तर १२ चौरस मीटर. शिवाय लहान बुडबुडा सावकाश वर चढतो, म्हणून त्याला रेणू गोळा करावयास अवधीही अधिक मिळतो. तेव्हा हवा तितकीच येत असूनही बुडबुडे जाड झाले, तर यंत्राचे काम कित्येक पटींनी घटू शकते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या खारेपणाची. समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे बुडबुडे परस्परांत मिसळून मोठे होण्याची क्रिया रोखली जाते. गोड्या पाण्यात ते सहज एकजीव होतात. यामुळे दुरुस्त केलेले यंत्र नळाच्या पाण्यात चालवून पाहिल्यास बुडबुडे मोठे दिसतात आणि फेस येत नाही. त्यावरून यंत्र बिघडलेलेच आहे असे अनुमान काढणे चूक होय. गोड्या पाण्यातील चाचणीवरून गळती आणि पंपाचे फिरणे एवढेच कळते. फेसाची परीक्षा खाऱ्या पाण्यातच घेतली पाहिजे.

अपेक्षेची मर्यादा

उत्तम स्थितीतील यंत्राकडूनही किती अपेक्षा करावी? पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन व त्यांचे सहकारी यांनी २००९ आणि २०१० मध्ये निरनिराळ्या रचनांच्या फेसयंत्रांची परिमाणात्मक तुलना केली. त्यांना असे आढळले, की मत्स्यालयाच्या पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे २० ते ३० टक्केच फेसयंत्राने निघू शकतो. उरलेला कार्बन फेसास दाद देत नाही. तो जीवाणू, सक्रिय कोळसा आणि पाणीबदल यांच्या वाट्यास जातो.

मग या २०-३० टक्क्यांसाठी एवढा खटाटोप का करावा? त्याचे उत्तर प्रवाळांच्या शरीरक्रियेत आहे. डेव्हिड क्लाइन, नॅन्सी नोल्टन, फॉरेस्ट रोवर आदींनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यातील विरघळलेला सेंद्रिय कार्बन वाढविला असता प्रवाळाच्या श्लेष्मस्तरातील सूक्ष्मजीवांची वाढ वेगाने झाली आणि प्रवाळ मृत्युमुखी पडले, असे दिसून आले. बंदिस्त टाकीत अन्न रोज पडते, श्लेष्मा रोज सुटतो आणि भरती-ओहोटी मात्र नसते. अशा ठिकाणी रोज थोडा कार्बन बाहेर काढणारे साधन मंदावले, तर त्याचा परिणाम साचत जातो. शिवाय हेच यंत्र पाण्यात प्राणवायू मिसळण्याचेही मोठे काम करते, हे विसरून चालणार नाही.

जुन्या यंत्राची रचना

विभागांत आढळणारी जुनी यंत्रे साधारणतः तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार प्रतिप्रवाही : त्यात पाणी वरून खाली जाते आणि लाकडी वायुविसारकातून निघालेले बुडबुडे खालून वर येतात. हा विसारक ज्या लाकडाचा करतात त्यास इंग्रजीत ‘लाइमवूड’ म्हणतात. त्याचा लिंबाशी काही संबंध नाही, ते युरोपातील टिलिया वृक्षाचे लाकूड होय. हे लाकूड काही आठवड्यांत कुजते व त्याची छिद्रे बुजतात, म्हणून ते दुरुस्त करावयाचे नसून नियमाने बदलावयाचे असते. दुसरा प्रकार व्हेंच्युरीचा : अरुंद गळ्यातून पाणी वेगाने गेल्यामुळे तेथील दाब उतरतो आणि हवा आपोआप आत ओढली जाते. तिसरा प्रकार काटेचक्राचा : पंपाच्या चक्रावर पात्यांऐवजी बारीक काटे असतात आणि ते आत आलेल्या हवेचा चुरा करतात. आज सर्वांत अधिक प्रचार याच प्रकाराचा असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यास अनुलक्षून केले आहे.

प्रकार कोणताही असो, दोष शोधताना तीनच प्रश्न विचारावयाचे असतात : हवा पुरेशी आणि बारीक होऊन येते काय? पाण्याची पातळी स्थिर आहे काय? आणि फेस ज्या पृष्ठभागांवरून चढतो ते निर्मळ आहेत काय?

निदान

यंत्र उघडण्यापूर्वी निदान एक आठवडा त्याचे निरीक्षण करावे. पेल्यातील द्रवाचे रोजचे घनफळ, त्याचा रंग, खालच्या टाकीतील पाण्याची उंची आणि शक्य असल्यास हवेचा प्रवाह यांची नोंद ठेवावी. हवेच्या नळीस लहान रोटामीटर जोडला असता प्रवाह मोजता येतो. मापकाचा स्वतःचा रोध असल्यामुळे आकडा थोडा कमी येतो. परंतु दुरुस्तीच्या आधी व नंतर तोच मापक त्याच रीतीने वापरल्यास तुलना विश्वसनीय राहते.

लक्षणांवरून दोषाचे स्थान पुढीलप्रमाणे ओळखता येते. बुडबुडे थोडे आणि जाड असतील व पंप धडधडत असेल, तर हवेचा मार्ग तपासावा. नळकांड्यातील पाणी जवळजवळ नितळ दिसत असेल, तर पंप किंवा व्हेंच्युरी यांत दोष असतो. पाणी दुधासारखे पांढरे आहे, पण फेस मानेत चढत नाही, असे असेल तर यंत्राचे यांत्रिक भाग बहुधा निर्दोष असतात. तेथे पातळी, मानेवरील थर किंवा पाण्यात मिसळलेली चरबी यांचा विचार करावा. चरबी ही फेसाची शत्रू आहे. माशांना गोठविलेले खाद्य घातल्यावर, किंवा हातास मलम लावलेले असता तो पाण्यात बुडविल्यावर, काही तास फेस बसतो तो यामुळेच. याउलट पेला पातळ, रंगहीन पाण्याने भरून वाहत असेल, तर पातळी अधिक आहे अथवा साबणासारखा एखादा पृष्ठक्रियाशील पदार्थ पाण्यात शिरला आहे असे समजावे.

पातळीचे महत्त्व पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. खालच्या टाकीतील पाणी बाष्पीभवनाने दोन-तीन सेंटिमीटर उतरले, तरी मानेतील फेसाची जागा बदलते. अशा वेळी यंत्र उघडण्यापेक्षा पाणी भरण्याची व्यवस्था सुधारणे, किंवा यंत्राखाली योग्य उंचीचा पाट ठेवणे, एवढाच उपाय पुरतो.

हवेचा मार्ग तपासताना प्रथम बाहेरचे टोक पाहावे. आवाज कमी करण्यासाठी लावलेल्या डबीतील स्पंज धुळीने बंद झालेला असतो. नळी खिडकीबाहेर नेली असेल, तर आपल्याकडे कुंभारीण नावाची माशी तिच्यात मातीचे घर करते. त्यानंतर व्हेंच्युरीचे तोंड पाहावे. येथे कोरडी हवा आणि खाऱ्या पाण्याचे तुषार एकत्र येत असल्याने क्षारांचा खडा जमतो व छिद्र अरुंद होते. अनेक ‘बिघडलेली’ यंत्रे केवळ या खड्यामुळे अडलेली असतात. हवेच्या नळीतून पेलाभर कोमट गोडे पाणी ओढू दिले, की तो पुष्कळदा विरघळून जातो.

स्वच्छता व तिचे रसायन

यंत्रात जमणारे कठीण थर दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे उपाय भिन्न आहेत. साधे मीठ १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम विरघळते. त्यासाठी गोडे पाणी पुरे. कॅल्शियम कार्बोनेट तितक्याच पाण्यात जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम विरघळते. ते काढण्यास आम्लच हवे. पंपाच्या चुंबकाभोवतीची जागा उबदार असते, आणि तापमान वाढले की कार्बोनेटची विद्राव्यता घटते. म्हणून तेथेच हा थर सर्वांत दाट बसतो.

घरगुती व्हिनेगर हे या कामास सुरक्षित आम्ल होय. ५ टक्के तीव्रतेच्या एक लिटर व्हिनेगरमध्ये ५० ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते आणि ते सुमारे ४० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवू शकते. फसफसणे थांबूनही थर उरला असेल, तर आम्ल संपले असे समजून ते बदलावे, खरवडू नये. सायट्रिक आम्लही चालते, परंतु कॅल्शियम सायट्रेट अल्पविद्राव्य असल्याने द्रावण सौम्य व थंड ठेवावे आणि भाग लगेच भरपूर पाण्याने धुवावेत. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याचे कारण नाही. जैविक चिकटा काढण्यास सौम्य सोडियम हायपोक्लोराइट उपयोगी पडते. मात्र ते आम्लाशी कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू मुक्त होतो. दोहोंच्या मध्ये भाग पूर्ण धुवावेत आणि उरलेले क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नष्ट करावे.

यंत्राचे नळकांडे बहुधा ॲक्रिलिकचे असते. त्यास अल्कोहोल, ॲसिटोन किंवा अमोनियायुक्त काचद्रव लावू नये. त्यांनी पृष्ठभागावर बारीक चिरांचे जाळे उत्पन्न होते. उकळते पाणीही ओतू नये. कपड्यांचा साबण तर सर्वथा वर्ज्य, कारण त्याचा अंश राहिला की फेस अनावर होतो.

पंप आणि विद्युत्-भाग

पंपास हात लावण्यापूर्वी त्याची वायर सॉकेटमधून काढलेली असावी; केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. चक्र बाहेर काढून चार गोष्टी पाहाव्यात. चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाचा आस मोडला आहे काय, दोन्ही टोकांच्या रबरी बुशी झिजल्या आहेत काय, काटे तुटले आहेत काय, आणि चुंबकावरील आवरणास भेग पडून चुंबक फुगला आहे काय. आस व बुशी बदलता येतात. आवरण फुटलेला चुंबक मात्र ताबडतोब टाकून द्यावा. तो घरात घासतो आणि त्याच्या गंजाचा अंश पाण्यात उतरतो. पंपाच्या बाह्यांगावर किंवा वायरीच्या तोंडाशी तडा दिसल्यास पंपच बदलावा. गुंडाळीवरील राळेस गेलेला तडा घरगुती गोंदाने बुजविणे हे प्राणघातक धाडस होय. मत्स्यालयाच्या विद्युत्-मार्गावर ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरक्षक स्विच असलेच पाहिजे.

परदेशातून आणलेल्या जुन्या यंत्राबाबत एक विशेष सूचना करावीशी वाटते. या पंपांतील द्विध्रुवी समकालिक मोटर पुरवठ्याच्या वारंवारतेनुसार फिरते : ६० हर्ट्झवर मिनिटास ३६०० फेरे, तर आपल्याकडील ५० हर्ट्झवर ३०००. अमेरिकेतील पंपास ट्रान्सफॉर्मर जोडून ११० व्होल्ट दिले, तरी वारंवारता बदलत नाही. गती एकषष्ठांशाने घटते. आणि चक्राची शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ५८ टक्क्यांवर येते. शिवाय लोहगाभ्यातील चुंबकीय प्रवाह वाढून मोटर तापते. असे यंत्र कितीही स्वच्छ केले तरी मूळ क्षमतेस पोचत नाही. त्यास ५० हर्ट्झचा पंप बसविणे हीच खरी दुरुस्ती होय.

तडे, सांधे व कडी

ॲक्रिलिकवरील वरवरचे चिरांचे जाळे आणि आरपार तडा यांत भेद केला पाहिजे. नळकांडे गोड्या पाण्याने भरून २४ तास कोरड्या वर्तमानपत्रावर उभे ठेवावे. कागद कोरडा राहिला तर जाळ्याची चिंता नको. तडा आरपार असेल, तर त्याच्या टोकाशी अगदी बारीक भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. नंतर वरून ॲक्रिलिकचा तुकडा बसवून कडेने डायक्लोरोमिथेनयुक्त सांधक सोडावा. केशाकर्षणाने तो आत पसरतो. हा द्रव विषारी व बाष्पशील असल्याने काम धूम्रकक्षातच करावे आणि सांधा कित्येक दिवस वाळू द्यावा. सिलिकोन ॲक्रिलिकास नीट धरत नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

रबरी ओ-रिंग चपटी झाली असल्यास बदलावी व तिला सिलिकोन ग्रीसचा पुसट हात द्यावा. पेट्रोलियम जेली लावल्यास काही जातींचे रबर फुगते. यंत्रास पूर्वी ओझोन दिला जात असेल, तर नैसर्गिक रबराचा प्रत्येक भाग चिरलेला आहे असे गृहीत धरूनच तपासावा. पितळी जोड किंवा स्क्रू वापरू नयेत; अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते.

दुरुस्तीचा काळ आणि पुनरारंभ

२६ अंश सेल्सिअस तापमान आणि ३५ लवणता असता समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम इतकाच प्राणवायू मावतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन मात्र सर्वांचे चालू असते. तेव्हा यंत्र बाहेर असताना टाकीत स्वतंत्र वायुविसारक चालू ठेवावा, खाद्य निम्मे करावे आणि रात्रभर काम लांबेल असा बेत करू नये.

यंत्र परत बसविताना पाण्याची पातळी नेहमीपेक्षा खाली ठेवावी. धुतलेल्या पृष्ठभागावर नवा सेंद्रिय थर बसेपर्यंत, म्हणजे काही दिवस, फेस कधी मुळीच येत नाही तर कधी एकदम उसळतो. या काळात रोज झडप फिरवीत राहिल्यास कोणत्या बदलाचा कोणता परिणाम झाला हे कळेनासे होते. एक बदल करावा, एक दिवस थांबावे आणि मग दुसरा करावा.

यंत्र खोलीतील हवा ओढते, हेही ध्यानात असावे. बंद व गजबजलेल्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड बाहेरील सुमारे ४२० दशलक्षांशांच्या मानाने बराच वाढतो. दुरुस्तीनंतर हवा दुप्पट येऊ लागली, तर पाण्याचा सामू बाहेरील हवेने वाढावा तसा न वाढता उलट घसरूही शकतो. खोलीत रंगकाम किंवा कीटकनाशकाची फवारणी चालू असता हवेची नळी बाहेर न्यावी, अथवा यंत्र तेवढा वेळ बंद ठेवून वेगळ्या स्वच्छ हवेची सोय करावी. कीटकनाशकांचा घात कोळंबी-खेकड्यांना सर्वांत आधी होतो.

नोंद

अखेरचा मुद्दा प्रयोगवहीचा. दुरुस्तीची तारीख, बदललेले भाग, हवेचा आधीचा व नंतरचा प्रवाह, पाण्याची पातळी आणि पेल्यातील द्रवाचे दैनिक घनफळ या पाच गोष्टी प्रवाळांच्या मोजमापांशेजारीच लिहिल्या पाहिजेत. दुरुस्तीनंतर प्रवाळांची वाढ सुधारलेली दिसली, तर ती आपण दिलेल्या प्रकाशामुळे वा खाद्यामुळे झाली की पाण्यातील कार्बन व प्राणवायू बदलल्यामुळे, याचा निर्णय या नोंदीवाचून करता येणार नाही. शक्य असल्यास दुरुस्ती दोन प्रयोगांच्या मधल्या काळात करावी. प्रयोगाच्या मध्येच करावी लागली, तर आधीची व नंतरची मोजमापे स्वतंत्र धरावीत.

नवे यंत्र विकत घेणे पुष्कळदा शक्य असते आणि काही वेळा तेच इष्टही असते. तथापि ज्या जुन्या यंत्राचा हवेचा प्रवाह, पातळी आणि सवयी आपणांस आकड्यांत माहीत आहेत, ते यंत्र अपरिचित नव्या यंत्रापेक्षा प्रयोगास अधिक उपकारक ठरते. म्हणून ज्या दिवशी यंत्र उत्तम चालत आहे, त्याच दिवशी त्याचे आकडे लिहून ठेवावेत. पुढे ते मंदावले तर किती मंदावले, हे ठरविण्यास दुसरे साधन नसते.